कशावरून? (जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकताना)



आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी ही शाळेत सेकंड लँग्वेज, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. आणखी एक. हा मराठी विभाग असल्यामुळे कमांडसुद्धा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

आमच्या हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये कोपऱ्यात एक कॉम्प्युटर आहे. २००८ साली असेंबल केलेला. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, ५१२ एमबीच्या दोन पट्ट्या म्हणजे एकूण १ जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क आणि त्यावर विंडोज एक्सपी. मेसच्या काकू त्यावर मेसचा हिशेब ठेवायच्या. बाकी कोणी त्याला हात लावत नसे, कारण तो मधेच आपोआप रिस्टार्ट व्हायचा. गेल्या वर्षी रेक्टर मॅडमनी मला विचारलं, "तू कॉम्प्युटरची ना? बघ गं याला काय झालंय." मी दहा मिनिटं बघितलं आणि मोठ्या ऐटीत सांगून टाकलं, "मॅडम, मदरबोर्ड गेलाय."

माझ्या त्या एका वाक्यावर कॉम्प्युटरचं नाव भंगाराच्या यादीत गेलं.

या टर्मला यादी मंजूर झाली. शनिवारी माणूस येऊन घेऊन जाणार होता. मंगळवारी रात्री फर्स्ट इयरची एक मुलगी माझ्या रूमवर आली. तिच्याकडे लॅपटॉप नाही. सीचे प्रोग्रॅम ती वहीत लिहायची आणि लॅबमध्ये आठवड्यातून दोन तास मिळतील तेव्हा टाइप करायची. अशा अजून दोघी आहेत. प्रॅक्टिकल तोंडावर आलेली. ती म्हणाली, "ताई, तो खालचा कॉम्प्युटर खरंच गेलाय का?"

मी म्हटलं, "हो, मदरबोर्ड गेलाय."

तिने अगदी साधेपणाने विचारलं, "कशावरून?"

खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं. सीनियर असल्याचा सगळा रुबाब तिथेच उतरला. पुढचे चार दिवस आम्ही दोघींनी जे केलं, त्याचा हा धडा. आमच्या चुकाही लिहिल्या आहेत, म्हणजे तुमच्या वाचतील.

१. सगळ्यात आधी डेटा

बुधवारी सकाळी मी पेन ड्राइव्ह घेऊन थेट इन्स्टॉल करायला बसणार होते. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "माझं उधारीचं सगळं त्यातच आहे हां. चार वर्षांचं. कुठे लिहून ठेवलेलं नाही."

माझ्या पोटात गोळाच आला. म्हणून नियम पहिला: जुन्या मशीनला हात लावण्याआधी विचारायचं, "यात कोणाचं काय आहे?"

दुसरी गोष्ट, जी मशीन मधेच बंद पडते तिच्यावरच कॉपी करायची नाही. मशीनची रॅम खराब असेल तर कॉपी होताना फाइलसुद्धा बिघडू शकते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. आम्ही प्लग काढला, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ दिला, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवली आणि हार्ड डिस्क काढली. (पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये चार्ज असतो.) लॅबमधून साटा-टू-यूएसबी अडॅप्टर मागून आणला, डिस्क माझ्या लॅपटॉपला जोडली, फक्त वाचता येईल अशी माउंट केली आणि डी ड्राइव्ह दोन ठिकाणी कॉपी केला. काकूंना बोलावून चार-पाच फाइल्स उघडून दाखवल्या. त्यांनी आकडे ओळखले, तेव्हाच पुढे गेलो.

डिस्क हातात होतीच, तर तिची तब्येतही तपासली. हार्ड डिस्क स्वतःबद्दल नोंदी ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात. "स्मार्ट-सीटीएल" कमांडने त्या वाचता येतात. तीन ओळी बघायच्या. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर. क्रमांक १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे संशयित म्हणून ठेवलेले सेक्टर. या दोन्ही शून्य असतील तर बरं, १९७ वाढत असेल तर त्या डिस्कवर भरवसा नको. क्रमांक १९९ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यामध्ये डेटा जाताना झालेल्या चुका. ही ओळ वाढत असेल तर दोष बहुतेक वेळा डिस्कचा नसतो, केबलचा असतो. आमच्याकडे पहिल्या दोन शून्य आणि तिसरी मात्र भरलेली. नवीन साटा केबल लावली. हा आकडा कमी होत नसतो, तो पुढे वाढतो का एवढंच बघायचं. नाही वाढला.

२. ३२ बिट की ६४ बिट?

सगळ्या मुली म्हणत होत्या, "यात एक्सपी आहे, म्हणजे मशीन ३२ बिट." मीही मान डोलावली. परत तोच प्रश्न: कशावरून?

विंडोज ३२ बिट आहे म्हणून प्रोसेसर ३२ बिट असतो असं नाही. त्या काळी ६४ बिट प्रोसेसरवर ३२ बिट एक्सपी टाकणं अगदी सर्रास चालायचं. नाव बघायचं. कोअर टू ड्युओ हे सगळे ६४ बिट आहेत. पण नावात "टू" नसेल, नुसतं कोअर ड्युओ असेल, तर तो ३२ बिट! एका शब्दाचा फरक. कुठल्याही लिनक्सवर "एल-एस-सी-पी-यू" कमांड दिली की ते स्पष्ट लिहून येतं.

हे आता जास्त महत्त्वाचं झालंय. डेबियनची १३ वी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ ला आली. (तिचं नाव ट्रिक्सी. डेबियनच्या आवृत्त्यांची नावं टॉय स्टोरी सिनेमातल्या पात्रांवरून ठेवतात.) या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच येत नाही. मशीन खरोखर ३२ बिट असेल तर डेबियन १२ घ्यावं लागतं. आमची ६४ बिट निघाली, म्हणून १३ घेतलं. हॉस्टेलच्या नेटचा भरवसा नसल्याने छोटी नेट-इन्स्टॉलची फाइल न घेता डीव्हीडीची मोठी फाइल उतरवली, म्हणजे इन्स्टॉल करताना नेट लागत नाही.

फाइल उतरल्यावर चेकसम जुळवायचाच. डेबियनच्या साइटवर फाइलशेजारी एक लांबलचक आकडा दिलेला असतो. आपल्याकडच्या फाइलवर "शा-२५६-सम" चालवलं की तोच आकडा यायला हवा. एक अक्षर जरी वेगळं असेल तर फाइल पुन्हा उतरवायची. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचे पाच तास वाचतात.

३. पेन ड्राइव्हवरून बूटच होत नाही

बायोसमध्ये बूट ऑर्डरला "यूएसबी" असं काही दिसतच नव्हतं. माझी रूमपार्टनर म्हणाली, "जुना आहे, सपोर्ट नसेल." पण त्या काळच्या बऱ्याच बायोसमध्ये पेन ड्राइव्ह हा हार्ड डिस्क म्हणून दिसतो. त्यामुळे आधी पेन ड्राइव्ह लावायचा, मग मशीन चालू करायची, आणि "हार्ड डिस्क प्रायॉरिटी" अशा नावाच्या आतल्या यादीत जाऊन त्याला वर आणायचं. आमचा तिथेच लपला होता. तिथेही नसेल तर सरळ डीव्हीडी बर्न करून वापरा.

इन्स्टॉलरमध्ये मराठी भाषाही निवडता येते, ग्राफिकल पद्धतीने सुरू केलं तर. मला फार छान वाटलं. पण एक सल्ला: पहिल्यांदा करत असाल तर इंग्रजीच ठेवा, कारण एरर आली की ती जशीच्या तशी शोधावी लागते.

४. एरर फिरते आहे की एकाच जागी आहे?

आता खरी मजा. बुधवारी रात्री बेस सिस्टिम टाकताना ४० टक्क्यांवर लाल पडदा. पॅकेज खराब आहे म्हणे. पुन्हा केलं, तर ७० टक्क्यांवर वेगळंच पॅकेज खराब. तिसऱ्यांदा मशीन चक्क रिस्टार्ट.

मी वैतागून म्हटलं, "बघ, सांगितलं होतं ना, मदरबोर्ड!" ज्युनिअर वहीत लिहीत बसली होती. तिने तिन्ही वेळचं लिहून ठेवलं होतं: किती टक्के, कुठलं पॅकेज, किती वाजता. ती म्हणाली, "ताई, दर वेळी वेगळ्याच ठिकाणी होतंय."

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. एरर दर वेळी त्याच जागी येत असेल तर संशय फाइलवर, पेन ड्राइव्हवर किंवा सेटिंगवर घ्यायचा. एरर जागा बदलत असेल तर संशय हार्डवेअरवर: रॅम, पॉवर सप्लाय किंवा तापलेला प्रोसेसर. फाइल खराब असेल तर ती रोज त्याच ठिकाणी खराब असणार ना. रॅमचा एखादा भाग खराब असेल तर त्या भागात कधी एक पॅकेज जाऊन पडतं, कधी दुसरं.

इन्स्टॉलर चालू असताना आत काय चाललंय ते बघायला ऑल्ट आणि एफ-४ दाबा (ग्राफिकल असेल तर कंट्रोलही सोबत). तिथे लॉग दिसतो. ऑल्ट आणि एफ-२ वर कमांड देता येतात, एफ-१ ने परत (ग्राफिकलमध्ये बहुधा एफ-५ ने).

गुरुवारी मेमटेस्ट-८६-प्लस चालवला. हा प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय बूट होतो आणि रॅमच्या प्रत्येक भागात वेगवेगळे पॅटर्न लिहून परत वाचून बघतो. काही मिनिटांतच लाल ओळी. आधी पट्ट्या काढून पितळी रंगाचे पाय साध्या खोडरबराने पुसले, कारण कधी कधी नुसता मळ असतो. तरी लाल. मग एकच पट्टी ठेवून टेस्ट, तीच पट्टी दुसऱ्या खाचेत ठेवून टेस्ट, आणि दुसऱ्या पट्टीचंही तसंच. चार टेस्ट झाल्या. एक पट्टी दोन्ही खाचांमध्ये नापास, दुसरी दोन्हीकडे पास. म्हणजे खाच चांगली, पट्टी खराब. पट्टी बदलल्यावर दोष तिच्याबरोबर फिरला, म्हणजे दोष पट्टीचाच.

मदरबोर्ड गेलेला नव्हता. वर्षभर तो माझ्या शब्दावर भंगारात पडून होता, आणि गेलेली होती ती एक बोटाएवढी पट्टी.

आता उरली ५१२ एमबी. त्यावर डेबियन चालतं, पण डेस्कटॉपसाठी कमीत कमी १ जीबी हवी. लॅबच्या सरांना विचारून जुन्या सामानाच्या कपाटातून १ जीबीची एक डीडीआर-२ पट्टी मिळाली. लक्षात ठेवा, डीडीआर-२ आणि डीडीआर-३ च्या मधल्या खाचेची जागा वेगळी असते. पट्टी बसत नसेल तर जोर लावायचा नाही, ती त्या मशीनची नाही. नवीन पट्टीवरही मेमटेस्टची पूर्ण फेरी केली. "जुनी पण चांगली" हेही कशावरून, ते बघायला नको का?

५. एंटर दाबण्याआधी

एकूण दीड जीबी रॅम. गुरुवारी रात्री इन्स्टॉल सुरळीत चालू झालं. पार्टिशनच्या पानावर इन्स्टॉलर विचारतो: पूर्ण डिस्क वापरू का? माझं बोट एंटरवर होतं. काकूंच्या फाइल्सची कॉपी होती, तरीसुद्धा त्यांचा डी ड्राइव्ह मला जागेवर ठेवायचा होता. म्हणून "मॅन्युअल" घेतलं.

इथे दोन गोंधळ होतात. पहिला नावांचा. लिनक्समध्ये सी, डी नसतं. डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं असतात. जुन्या पद्धतीच्या पार्टिशनमध्ये सी ड्राइव्ह साधारणपणे १ नंबरचा आणि डी ड्राइव्ह ५ नंबरचा असतो, कारण लॉजिकल पार्टिशनचे नंबर ५ पासूनच सुरू होतात. मधले नंबर कुठे गेले म्हणून घाबरू नका. दुसरा गोंधळ आकाराचा. एक्सपी जिला १४९ जीबी म्हणत होतं, तिलाच इन्स्टॉलर १६० म्हणतो. काही हरवलेलं नसतं. एक जण १०२४ च्या पटीत मोजतो, दुसरा १००० च्या. ड्राइव्ह ओळखायचा तो नावावरून नाही, आकारावरून आणि आतल्या फाइल्सवरून.

सी ड्राइव्ह काढून तिथे लिनक्ससाठी एक भाग आणि २ जीबी स्वॅप केला. डी तसाच. डेस्कटॉपमध्ये हलका एलएक्सडीई निवडला.

६. माझी दुसरी चूक

शेवटी इन्स्टॉलर विचारतो, बूट लोडर (म्हणजे ग्रब) कुठल्या डिस्कवर टाकू? रात्रीचा दीड वाजला होता. यादीतलं पहिलं नाव दिसलं, मी एंटर दाबला. पेन ड्राइव्ह काढला, रिस्टार्ट केलं, तर बूट डिव्हाइसच नाही!

पेन ड्राइव्हवरून बूट केलेलं असल्याने कधी कधी तोच एसडीए होतो आणि हार्ड डिस्क एसडीबी. मी ग्रब पेन ड्राइव्हवर टाकून बसले होते. या वेळी मात्र "डिस्क गेली" असं म्हटलं नाही. पेन ड्राइव्ह नव्याने तयार केला, त्यावरून रेस्क्यू मोडमध्ये गेले, लिनक्सचं पार्टिशन दाखवलं आणि "ग्रब पुन्हा टाका" या पर्यायात आकार बघून हार्ड डिस्क दिली. दहा मिनिटांत काम झालं. पूर्ण इन्स्टॉल पुन्हा करायची गरज नसते.

७. काळा पडदा

ग्रबचा मेनू आला, लिनक्स सुरू झालं आणि स्क्रीन काळी. पण डिस्कचा दिवा लुकलुकत होता आणि कॅप्स लॉकचं बटण दाबलं की कीबोर्डचा दिवा लागत होता. म्हणजे मशीन जिवंत आहे, फक्त चित्र दिसत नाही. जुन्या ग्राफिक्सवर हे होतं. ग्रबच्या मेनूवर "ई" दाबा, "लिनक्स" शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी "नोमोडसेट" लिहा आणि एफ-१० दाबा. याचा अर्थ, कर्नलने ग्राफिक्सचा मोड स्वतः बदलायला जाऊ नये. हे एका वेळेपुरतंच असतं. कायमचं करायला "ईटीसी"मधल्या "डिफॉल्ट" फोल्डरमधली ग्रबची फाइल बदलून "अपडेट-ग्रब" कमांड द्यायची. रिझोल्यूशन कमी मिळतं, पण सीचे प्रोग्रॅम लिहायला १०२४ बाय ७६८ भरपूर झालं.

वायफायचं कार्ड असेल तर एक चांगली बातमी. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, लागणारं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं. पूर्वी ते वेगळं शोधून आणावं लागायचं.

८. घड्याळ

शुक्रवारी सकाळी नेट जोडलं आणि अपडेट द्यायला गेले, तर म्हणे रिलीज फाइल अजून वैधच झालेली नाही. ब्राउझरही म्हणतो सर्टिफिकेट चुकीचं. मी फायरवॉलला शिव्या देणार, तेवढ्यात ज्युनिअरने खालच्या कोपऱ्यात बोट दाखवलं: १ जानेवारी २००८!

मदरबोर्डवर नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर-२०३२, ३ व्होल्टचा. तो संपला की प्लग काढल्यावर घड्याळ पहिल्या दिवसावर जातं. मग आज सही झालेली फाइल मशीनला भविष्यातली वाटते. एरवी लिनक्स नेटवरून वेळ दुरुस्त करून घेतं, पण बऱ्याच हॉस्टेलच्या फायरवॉलमध्ये वेळेचा १२३ नंबरचा पोर्ट बंद असतो, आमच्याही आहे. कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानातून सेल आणला, बायोसमध्ये तारीख भरली, अपडेट सुरू.

कापून रूममध्ये लावायची यादी

– कोणाचा डेटा आहे ते विचारा, डिस्क काढून दुसऱ्या मशीनवर कॉपी घ्या, उघडून बघा.
– बायोसची तारीख बघा. चुकीची असेल तर आधी सेल बदला. (आम्ही हे शेवटी केलं, तुम्ही आधी करा.)
– इन्स्टॉलच्या आधी मेमटेस्टची एक पूर्ण फेरी.
– प्रोसेसरचं नाव वाचा, मग ३२ की ६४ ते ठरवा.
– चेकसम जुळवा.
– प्रत्येक एरर वेळेसकट वहीत लिहा. त्याच जागी की फिरती?
– एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर कशाने सुधारलं ते कळत नाही.
– डिस्क आकारावरून ओळखा. पार्टिशन करताना एकदा आणि ग्रब टाकताना परत एकदा.

शुक्रवारी संध्याकाळी तिघी ज्युनिअर खुर्च्या ओढून बसल्या. पहिला प्रोग्रॅम कंपाइल झाला, सेमिकोलन विसरल्याची एरर आली, आणि तिघी इतक्या खूश झाल्या की जणू बक्षीस मिळालं! वहीवर एरर येत नाही ना. काकूंचा डी ड्राइव्ह जसाच्या तसा उघडतो, हिशेब आता लिब्रे ऑफिसमध्ये चालतो, आणि त्याची एक कॉपी दर रविवारी त्यांच्या पेन ड्राइव्हवर घेतो.

मग मी रेक्टर मॅडमकडे गेले. म्हटलं, "मॅडम, मी मागच्या वर्षी चुकीचं सांगितलं होतं. मदरबोर्ड चांगला आहे. न तपासता बोलले." मला वाटलं रागावतील. त्यांनी यादी काढली, त्या ओळीवर रेघ मारली आणि पेन माझ्यापुढे केलं: "इथे सही कर. आणि खाली अजून दोन मॉनिटर आणि एक प्रिंटर आहे. त्यांचंही बघून सांग. या वेळी तपासून."

विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला. त्यामुळे आता घराघरातून, ऑफिसातून कितीतरी चालती मशीन "जुनी" म्हणून बाहेर पडणार आहेत. सगळीच वाचतील असं नाही. जे खरंच गेलं ते ई-कचऱ्यात, नियमाप्रमाणे, जाऊ द्या. आमची ती खराब पट्टी तिथेच गेली. पण एखाद्या वस्तूला "गेली" म्हणण्याआधी एकदा स्वतःलाच विचारा. मला विचारायला एक ज्युनिअर होती. तिचा प्रश्न तुम्ही फुकट घेऊन जा.

– एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी